दाणा, कडबा आणि तराजू

शेतकी संशोधनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यशाच्या तारखा सांगतो. अमुक साली अमुक वाण निघाला, तमुक साली उत्पन्न दुप्पट झाले आणि कोठारे भरली. या तारखा खोट्या नव्हेत. परंतु त्या वाचताना एक साधा प्रश्न मनात राहतो: उत्पन्न वाढले हे ठरवले कोणी, आणि कोणत्या तराजूने? गव्हाच्या शेतात हा प्रश्न फारसा अडत नाही. ज्वारीच्या शेतात तो पावलोपावली अडतो, कारण ज्वारीच्या एका ताटावर दोन पिके असतात. वर कणसात दाणा, तो माणसाचा. खाली कडबा, तो जनावराचा. या दोहोंपैकी संशोधनाने केव्हा काय तोलले आणि काय तोलायचे राहिले, एवढाच आजचा माझा विषय आहे. त्यासाठी मी सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाची सुमारे शंभर वर्षांची हकीकत घेतली आहे.

मी शेतकीचा पदवीधर नव्हे. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करणारा माणूस आहे. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मग या विषयात मी हात का घालावा? १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि त्याच दशकात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. गिरणीला हात हवे होते आणि गावांत हात रिकामे होते. तेव्हापासून या शहरातील पुष्कळ कामगारांचे एक पाऊल यंत्रापाशी आणि दुसरे जिरायत रानात राहिले आहे. रानात पिकले नाही की शहरात कामाच्या दाराशी गर्दी वाढते आणि मजुरीचा भाव खाली येतो, हे कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा ज्वारीचा प्रश्न हा माझ्या हिशेबी मजुरीचाच प्रश्न होय.

प्रथम या मुलखाची प्रकृती ध्यानात घ्यावी. सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो. सोलापुरास वर्षाकाठी साधारण २८ इंच पाऊस पडतो. आकडा ऐकायला वाईट नाही. परंतु तो केव्हा पडेल याचा भरवसा नाही, आणि पडला की तासाभरात धो धो कोसळून चांगली माती ओढ्याला घेऊन जातो. म्हणून खोल काळ्या रानाचा शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवतो, त्यात कुळवाच्या पाळ्या घालतो, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसाची ओल साधून तिफणीने ज्वारी पेरतो. पुढे माघ-फाल्गुनापर्यंत ते पीक आभाळाकडे न पाहता जमिनीच्या पोटातील ओलीवर उभे राहते. धान्य घरात येते तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, आणि बैल त्याच कडब्यावर पुढील पेरणीपर्यंत तग धरतात. बैल मेला तर पुढचे साल गेले. या मुलखात कडबा हा पुढच्या सालाचे भांडवल असतो, तो असा.

दुष्काळानंतर सरकारला शेतीची आठवण झाली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतकी खाती नीट उभारावीत अशी शिफारस केली. १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सुचवले की रिकाम्या वेळी पोलीस आणि पलटणी यांच्याकडून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि सुपीक माती वाहून जाणार नाही. पुढे शास्त्रज्ञांनी कोरडवाहू शेतीचा जो पाया सांगितला तो हाच. १८८९ साली विलायतेहून डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ पाहणीसाठी आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा मथितार्थ असा होता की हिंदी शेतकरी अडाणी नाही. पुष्कळ ठिकाणी त्याच्यापाशी ज्ञान आहे, उणीव आहे ती पाण्याची, खताची आणि साधनांची.

ही उणीव किती खोल आहे हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आकड्यांनी दाखवले. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर जाऊन अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी धारणा ४० एकरांची होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. पुढे त्यांनी जातेगाव बुद्रुक हे गाव घेतले. तेथे सगळी भिस्त पावसावर. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या अभ्यासात त्यांचे सहलेखक होते ना. वि. कानिटकर. हे नाव लक्षात ठेवावे, कारण कोरडवाहू संशोधनाच्या इतिहासात ते पुढे वारंवार येते. ज्या माणसाने पुढे कोरड्या रानावर प्रयोग केले, त्याने आधी कोरड्या गावातील कर्जाचा आणि पोटाचा हिशेब मांडला होता. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले. व्ही. ए. ताम्हणे यांनी त्याचा प्रारंभ केला आणि कानिटकरांनी ते पुढे नेले. याच सुमारास, १९२६ साली, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयी शाही आयोग नेमला गेला. १९२८ च्या त्याच्या अहवालातून दुसऱ्याच वर्षी मध्यवर्ती शेतकी संशोधन परिषद जन्माला आली. आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद ती हीच. आयोगाने पुष्कळ चांगले काम केले. परंतु त्याला नेमताना सरकारने एक अट घातली होती. जमिनीची मालकी, कुळवहिवाट, शेतसारा आणि पाणीपट्टी या विषयांना आयोगाने हात लावायचा नाही! म्हणजे बियाणे पाहा, खत पाहा, बैल पाहा. जमीन कोणाची हे मात्र पाहू नका. मालकाशी वाटाघाटीला बसावे आणि मालकाने आरंभीच सांगावे की पगार सोडून बाकी सर्व विषयांवर बोलू, तसाच हा प्रकार झाला.

नव्या परिषदेने १९३३ पासून देशात पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधनाची केंद्रे काढली. सोलापूर, विजापूर, बल्लारीजवळचे हगरी, रायचूर आणि रोहतक. पाचांपैकी चार दख्खनच्या पठारावर होती. तेथे पावसाचा थेंब मोजला गेला, वाहून जाणारे पाणी आणि माती मोजली गेली, मुळे जमिनीत किती खोल जातात हे खणून पाहिले गेले. यातून जी पद्धत सिद्ध झाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची कलमे साधी होती. उताराला आडवे, समपातळीत बांध घालावेत. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी. शेणखत द्यावे. बियाणे कमी टाकावे आणि दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे, म्हणजे प्रत्येक ताटाला ओलीचा वाटा मोठा मिळेल. पिकात वरचेवर कोळपे चालवावे, म्हणजे भेगा बुजतील आणि ओल उडून जाणार नाही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे ज्ञान १९४४ साली ग्रंथरूपाने मांडले. जगात या विषयावर आपण कोणाच्या मागे नव्हतो, हे आजच्या तरुणांना आवर्जून सांगितले पाहिजे.

मग ही पद्धत घरोघर का गेली नाही? ‘शेतकरी जुन्या वळणाचा’ हे ठरलेले उत्तर बाजूला ठेवून हिशेब करू. या पद्धतीने उत्पन्नात साधारण १५ ते २० टक्के वाढ होई. मूळ उत्पन्न हेक्टरी दोन ते चार क्विंटल. म्हणजे वाढ झाली ती हेक्टरी तीस ते ऐंशी किलोंची. तिच्यासाठी लोखंडी नांगर हवा, तो काळ्या रानात ओढायला बैलांच्या दोन-तीन जोड्या हव्यात, बांधाची मजुरी हवी. आणि पाऊस दगा देईल त्या साली हे सर्व अंगावर. शिवाय ज्या कुळाला पुढल्या वर्षी हीच जमीन कसायला मिळेल याची खात्री नाही, त्याने मालकाच्या जमिनीत बांध का घालावा? मुंबई सरकारने १९४२ साली जमीनसुधारणेचा कायदा करून बांधबंदिस्तीला बळ दिले. परंतु कूळकायदा आला १९४८ साली, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषकदिन’ म्हणून उजाडला तेव्हा कुठे कसणाऱ्याच्या मालकीची भाषा कायद्यात आली. शाही आयोगाला ज्या विषयाला हात लावू दिला नाही, तोच विषय सोलापूरच्या प्रयोगाला आडवा आला होता.

बांध पुढे झाले, ते निराळ्याच वाटेने. १९७० ते १९७३ या सलग दुष्काळात लाखो माणसे कामासाठी रस्त्यावर आली. त्यातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. या योजनेवर समपातळी बांध, नालाबांध, पाझर तलाव यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. फुल्यांनी पलटणीकडून करून घ्या म्हटलेले काम अखेर दुष्काळी मजुरांनी केले, त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया. शास्त्रज्ञाच्या पुस्तकातील बांध रानात उतरला तो मजुरीच्या मागणीने, हे शेतकी इतिहासाच्या पानांत कमी आढळते.

आता बियाण्याकडे वळू. सोलापूर जिल्ह्यातच मोहोळ येथे ज्वारीचे संशोधन केंद्र होते. तेथे १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्या रानातील मालदांडी ज्वारीतून निवड करीत एक वाण वेगळा काढला गेला. मालदांडी ३५-१ हे त्याचे नाव. परदेशातून काही आणले नव्हते, यंत्र नव्हते. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या निवडलेल्यातून आणखी एकदा डोळसपणे निवडणे, एवढेच केले होते. दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा, भाकरी गोड, ताट उंच आणि कडबा जनावर आवडीने खाणारे, ओल कमी पडली तरी पीक तग धरणारे. सुमारे नव्वद वर्षे झाली, त्यानंतर किती वाण आले आणि गेले, पण रब्बी ज्वारी म्हटले की आजही बाजारात ‘मालदांडी’ हाच शब्द ऐकू येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच परंपरेचे फळ. एवढे दीर्घायुष्य फार थोड्या शास्त्रीय वाणांना लाभले आहे. त्याचे कारण मला एकच दिसते. निवड करणाऱ्याने शेतकऱ्याचाच तराजू हाती घेतला होता. त्यात दाणा होता, कडबा होता, भाकरी होती आणि वाईट सालही होते.

त्यानंतर काळ बदलला. १९५४ साली अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी नरवंध्य ज्वारीचा उपयोग दाखवून दिला. ज्वारीच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात, त्यामुळे हातांनी संकर करून शेतकऱ्याला पुरेल इतके बी तयार करणे अशक्यच होते. परागकण न देणारी ओळ हाती आल्यावर ते शक्य झाले. भारतात रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने जगभरच्या ज्वारीचा मोठा संग्रह जमवण्यात आला, आणि १९६४ साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण निघाला. त्याची आई अमेरिकेत तयार झालेली काफिर ज्वारीची नरवंध्य ओळ, बाप या नव्या संग्रहातला. ताट बुटके, पीक सुमारे शंभर दिवसांत तयार, आणि खत दिले तर दाणा भरपूर. गावोगाव ‘हायब्रीड’ हा शब्द रुजला तो याच काळात.

या संशोधकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही साले दुष्काळाची होती, अमेरिकन गव्हाच्या जहाजांकडे देश डोळे लावून बसला होता, आणि दाणा वाढवणे हेच राष्ट्राचे काम होते. खरिपात महाराष्ट्रात संकरित ज्वारी पुढे खूप पसरली आणि तिने पुष्कळांची पोटे भरली. तथापि शेतकऱ्याच्या अंगणात तिच्याविषयी तक्रारी होत्या. जुने खरीप वाण पाऊस संपल्यावर दाणा भरत. हा लवकर येणारा वाण पावसातच पिके, त्यामुळे कणसावर बुरशी येऊन ज्वारी काळी पडे आणि बाजारात भाव उतरे. उशिरा पेरला तर खोडमाशी पडे. भाकरीला जुनी चव नव्हती. आणि कडबा? ताटच बुटके, तर कडबा कोठून येणार? रब्बीसाठी १९७० च्या दशकात सीएसएच-७आर आणि सीएसएच-८आर हे संकर निघाले. मालदांडीला ते हटवू शकले नाहीत.

येथे गव्हाची तुलना उपयोगी पडते. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. बुटकेपणा हेच त्या गव्हाचे बळ होते. खत-पाणी भरपूर दिले की उंच गहू लोळतो. बुटका उभा राहतो आणि काडीत जाणारे बळ ओंबीत जाते. पंजाबात कालवे होते, विहिरी खोदल्या जात होत्या. १९६५ साली स्थापन झालेले अन्न महामंडळ गहू विकत घ्यायला उभे होते आणि शेतमाल भाव आयोग भाव सांगत होता. पाणी, खत, भाव आणि खरेदी हे चारही पाय जाग्यावर होते म्हणून ती खाट उभी राहिली. ज्वारीच्या मुलखात यांतील एकही पाय धड नव्हता. तेथे बुटकेपणा नेला तेव्हा दाणा वाढला, पण गोठ्यातली गंज खचली. एका मुलखाचा गुण दुसऱ्या मुलखात अवगुण ठरतो, तो असा.

आमच्या धंद्यातील एक उदाहरण देतो. यंत्रमागावर मजुरी ठरते ती विणलेल्या कापडाच्या मापावर. तुटलेला धागा सांधण्यात, वीज गेल्यावर ताटकळण्यात, खराब सूत सांभाळण्यात गेलेला वेळ त्या मापात येत नाही. वेळ जातो तो खराच असतो. पण मापात नाही म्हणून तो नाहीच, असे धरून हिशेब होतो. मोजले जाते तेवढेच मोलाचे ठरते. प्रयोगाच्या शेवटी वहीत फक्त दाण्याचा रकाना पाहून वाण पास किंवा नापास झाला, तर कडब्याचे तसेच होते.

दुष्काळी मुलखांकडे संशोधनाचे लक्ष पुन्हा वळले ते १९७० नंतर. त्या वर्षी कॅनडाच्या साहाय्याने कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. सोलापूर त्यातील एक केंद्र. १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आशिया-आफ्रिकेतील कमी पावसाच्या मुलखांची ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ही पिके हा तिचा विषय. तिच्या पेढीत आज ज्वारीचे ३५ हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. या संस्थेने १९७५ पासून एक वेगळे काम केले. काही गावे निवडून तेथे पाहणी करणारी माणसे मुक्कामाला ठेवली आणि वर्षानुवर्षे प्रत्येक घराचा जमाखर्च लिहिला. त्यांत मोहोळ तालुक्यातील शिरापूर आणि उत्तर सोलापुरातील कळमण ही आपल्या जिल्ह्याची दोन गावे होती. मॅन आणि कानिटकर यांनी घालून दिलेली वाट पन्नास वर्षांनी पुन्हा धरली गेली, असे म्हणता येईल.

या अभ्यासांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. गरीब शेतकरी सरासरी सालाचा हिशेब करीत नाही, तो बुडीत सालाचा करतो. गायरान, ओढाकाठ, पडीक रान यांतून मिळणारे सरपण आणि चारा हा गरिबाच्या संसाराचा मोठा आधार असतो, आणि ही सामाईक जमीन झपाट्याने आटत होती. याच संस्थेने काळ्या रानासाठी रुंद वरंबे आणि सरीची उत्तम पद्धत तयार केली. तिच्यासाठी बैलांनी ओढायचे चाकाचे बहुगुणी अवजार केले. अवजार चांगले होते, पण त्याची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची, आणि ते रानोरान दिसले नाही. मुंबई पद्धतीचा लोखंडी नांगर पुन्हा एकदा आडवा आला म्हणा!

पश्चिम आफ्रिकेतही हाच धडा मिळाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतातील बुटके, लवकर येणारे वाण तिकडे नेऊन पाहिले गेले. ते फारसे टिकले नाहीत. तेथील गिनी ज्वारी उंच, दिवसमानाप्रमाणे आपला फुलोरा पावसाच्या शेवटाशी जुळवून घेणारी; तिच्या ताटांची कुंपणे होतात, छपरे होतात, चूल पेटते. तेथील शेतकऱ्याने तिचा हात सोडला नाही. मालीचा शेतकरी आणि मंगळवेढ्याचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत. तरी दोघांचा हिशेब जुळला. पुढे शास्त्रज्ञांनीही तो मान्य केला. हैदराबादच्या चारा बाजारात कोणत्या कडब्याला किती भाव मिळतो याची पाहणी झाली, आणि पौष्टिक कडब्याला गिऱ्हाईक जास्त दाम मोजते हे आकड्यांनी सिद्ध झाले. आता चाऱ्याचा कस हा वाण निवडण्याच्या कसोट्यांत धरला जातो. राहुरीच्या विद्यापीठाने काढलेले फुले वसुधा, फुले रेवती यांसारखे रब्बी वाण दाणा आणि कडबा दोन्ही सांगूनच शेतकऱ्यापुढे येतात. तराजू दुरुस्त झाला, पण मध्ये बराच काळ गेला.

या संशोधनात आणखी एका वर्गाचा वाटा आहे. एका संशोधन क्षेत्रावरील रोजंदार मजुरांच्या प्रश्नाच्या निमित्ताने माझा काही काळ तिकडे राबता होता. कणसांना कागदी पिशव्या बांधणे, पाखरे राखणे, वाफ्यावाफ्याची ज्वारी वेगळी काढून तोलणे, ही कामे वीस-वीस वर्षे रोजंदारीवर करणाऱ्या बाया तेथे होत्या. कोणत्या वाफ्याचा कडबा गाय पुढ्यात टाकताच खाते आणि कोणत्याचा हुंगून सोडते, हे त्यांना तोंडपाठ होते. वहीत त्यासाठी रकाना नव्हता, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. संशोधनाचे श्रेय वाटताना ही माणसे आठवावीत; त्याहून महत्त्वाचे म्हणजे संशोधन करताना त्यांना विचारावे.

हकीकतीचा शेवट मात्र निर्भेळ आनंदाचा नाही. सोलापूरचे कोरडवाहू केंद्र १९३३ चे. नीरेच्या कालव्यावरचे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे. ऊस संशोधनाच्या पाठीशी कालवा होता, कारखाना होता, पुढे सहकार होता. को-७४०, को-८६०३२ ही नावे ऊसपट्ट्यात घरोघर गेली. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि ज्वारीचे कोठार म्हणवणारा सोलापूर राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत जाऊन बसला. ज्याला पाणी मिळाले त्याने ऊस लावला, त्याला नावे ठेवता येत नाहीत. परंतु तो ऊस तोडायला कोण येते? बीड, धाराशिव, नगर या भागांतील जिरायत गावचे लोक, मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता. बागायती संशोधनाला शंभर हातांचे बळ मिळाले आणि कोरडवाहू संशोधन एका हाताने चालले, त्याचा परिणाम असा रस्त्याने बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये बसून दरसाल दिवाळीच्या सुमारास निघालेला दिसतो.

देशात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. आज ती ५० लाखांच्या आत आली आहे. २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, ज्वारीची बिस्किटे निघाली, शहरात भाकरीला मान आला. हे चांगलेच झाले. पण रब्बीची ज्वारी का कमी होते, असे गावात विचारले तर भावाच्या बरोबरीने आणखी एक उत्तर मिळते: काढायला माणूस मिळत नाही. आमच्याकडे रब्बी ज्वारी मुळासकट हातांनी उपटतात. हात सोलतात, कंबर मोडते, उन्हाचा तडाखा असतो, आणि हे काम बहुतांशी बायका करतात. ज्या उंच ताटाचे मी एवढे गुण गायले, ते उंच ताट उपटण्याचे मोल त्यांच्या तळहातांनी चुकते केले आहे. आता त्या नाही म्हणू लागल्या आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे.

तेव्हा जुन्या तराजूचा नुसता गौरव करून भागणार नाही. दाणा तोलला गेला, उशिरा का होईना कडबाही तोलला गेला. काढणीचे श्रम अजून नीट तोलले गेलेले नाहीत. उंच ज्वारी कडब्यासकट हलक्या हाताने काढता येईल असे अवजार दोन एकरांच्या धन्याला परवडेल अशा किंमतीत तयार होणे, आणि ते होईपर्यंत उपटणीला पुरी मजुरी मिळणे, हा आजचा कोरडवाहू संशोधनाचा पहिला विषय आहे असे मला वाटते. तो हाती घेताना शास्त्रज्ञांनी अर्थशास्त्रज्ञाला विचारावे, शेतकऱ्याला विचारावे. पण वाफ्याच्या कडेला तराजू उभा राहील तेव्हा ज्वारी उपटणारी बाई तेथे हजर असली पाहिजे, आणि तिचे म्हणणे लिहिण्यासाठी वहीत एक रकाना असला पाहिजे.